मोजणी

हेडबाईंनी हातात एक यंत्र दिलं,
अंगठ्याखाली मावणारं, क्रिकेटच्या पंचाकडे असतं तसं.
लायब्ररीच्या दारातून माणूस आत आला की दाबायचं: टक्.
जुलैपर्यंत चार हजार टक् झाले तर खोली राहील,
नाहीतर इथे परीक्षेची बाकं येतील.
आडनावाची मी टिपणीस. पिढीजात नोंदी ठेवणारे आम्ही.
ग्रिम्सबीतली पोरं मला मिस टिप म्हणतात.

म्हणून निघाले फेरीवाल्यासारखी,
चाकांच्या गाडीवर पुस्तकं रचून,
थेट शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या वेळी.
एक चाक कुरकुरतं.
बिस्किटं आली समजून सगळ्यांनी माना वर केल्या
आणि पुस्तकं बघून खाली.
भूगोलाच्या मिसेस ऑल्डरटन म्हणाल्या, "छान उपक्रम,"
आपल्याकडे "या हं एकदा घरी" म्हणतात त्या सुरात.
गणिताच्या मिस्टर क्लॉव्हनी मात्र, मी निघताना,
हळूच विचारलं, कबुतरांवर काही आहे का,
शर्यतीच्या. वडिलांची होती, वडील गेले,
आता रोज सकाळी बावीस पक्षी माझ्याकडे बघतात.
पुस्तक मी त्यांच्या टपालाच्या खणात ठेवलं.
ते दारातून आत आलेच नाहीत.
टक् नाही.

मग पोस्टर करायला बसले
आणि एका शब्दावर अडले.
वाचणं, वाचवणं:
माझ्या गावच्या शाळेत भिंतीवर रंगवून रंगवून
ही कोटी पार गुळगुळीत झाली होती.
इथे ते दोन वेगळे शब्द आहेत,
दोन वेगळ्या समित्या, दोन वेगळी बजेटं.
पोस्टरवर शेवटी एवढंच लिहिलं:
आत ऊब आहे. या.

पालकसभेला टेबल मिळालं ते जुन्या गणवेशांच्या
आणि केकच्या सोडतीच्या मधोमध.
केक संपला. गणवेश संपले.
माझ्यापुढे थांबला एकच बाप, लिथुएनियाचा रिमांतास,
कितीही धुतले तरी हातांना हॅडॉकचा वास.
"भाडं किती?"
काही नाही.
"हरवलं तर?"
तरी काही नाही.
फुकट म्हणणाऱ्याकडे शहाण्या माणसाने बघावं
तसं बघितलं त्याने, बराच वेळ.
मग म्हणाला, "एकच द्या. मुलगी वाचेल, मी ऐकेन.
मी रात्रपाळीहून येतो आणि ती शाळेला निघते,
मध्ये वीस मिनिटं असतात."
ती वीस मिनिटं
कोणत्या रकान्यात भरायची, हेडबाई?

राहिला रीस. सातवीतला,
जेवणाच्या सुट्टीत फक्त रेडिएटरसाठी येणारा.
यंत्राची गोष्ट त्याला कुठून कळली कोण जाणे.
मंगळवारी तो आत आला, बाहेर गेला,
आत आला, बाहेर गेला,
"दाबा ना मिस, दाबा!"
सत्तावीस खेपा. धापा टाकत.
म्हटलं, अरे, ही लबाडी झाली.
म्हणाला, "पण खोली तर राहील ना?"
यावर पिढीजात नोंदवाल्यांकडे
उत्तर नव्हतं.
वहीत एकच लिहिला. सव्वीस गिळले.

दमून तो रेडिएटरला पाठ लावून बसला
आणि हाताला लागलं ते पुस्तक ओढलं:
कोळ्यांच्या गाठी, चित्रांसहित.
बुधवारी बुटाची नाडी खुर्चीला बांधली,
गुरुवारी खुर्ची टेबलाला.
शुक्रवारी मी चहा घेऊन परतले तर
दाराची मूठ रेडिएटरच्या नळीला
अशी काही बांधलेली, की शिपाई मिस्टर पॉगसननाही सुटेना.
"कात्री आणू?" त्यांनी विचारलं.
नको म्हटलं. इतकी चांगली गाठ.

तेव्हापासून दार उघडंच आहे.
ऊब बाहेर जाते, गोदीवरचा वारा आत येतो,
माणसं येतात तीही माझ्या पाठीमागून, न सांगता,
आणि मी कबुतरांवरचं दुसरं पुस्तक शोधत
शिडीवर उभी असते,
यंत्र खाली, टेबलावर.